अर्धा सूर वर

अमरावती
शनिवार, २८ एप्रिल १९६२. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे.

नासिर,

हे लिहायला बसण्यापूर्वी मी बँडाच्या विजेवर वाजणाऱ्या पेटीचं मागचं झाकण काढून आतली धूळ कोरड्या ब्रशानं झाडत होतो. शेगडीवर कथिलाचा डाग द्यायचं लोखंड तापत ठेवलं होतं. ते आता निवलं असेल. काम अर्धवट टाकून उठायची मला सवय नाही, हे तुला माहीत आहे, म्हणून सांगतो.

तुझ्या नावाअगोदर काही लिहिलेलं नाही. लोक जे लिहितात ते मी लिहून पाहिलं आणि मग कागद बदलला.

तू सोमवारी पहाटेच्या गाडीनं अकोल्याला निघून गेलास. रविवारी लग्न आटोपल्यावर मला म्हणाला होतास, "उद्या वाल्व तपासू." म्हणून मी सोमवारी बँडमालक किसनरावांच्या गोदामात चाचणीचा दिवा आणि पकड घेऊन बसलो. दुपारी पानवाल्यानं सांगितलं की तू महादेवरावांच्या ऑर्केस्ट्रात लागलास. बँड सोडून माणसानं चांगल्या पगारावर जाऊ नये असं मी म्हणत नाही. मी वेगळ्याच गोष्टीसाठी लिहीत आहे.

आज धूळ झाडताना पेटीच्या डाव्या अंगाची कळ पाहिली. ती काय करते हे तुला सांगायची गरज नाही, तरी लिहितो, म्हणजे नंतर तुला 'मले कुठं माहीत होतं' म्हणता येणार नाही. हार्मोनियमची पट्टी बदलायची तर आतल्या पितळी जिभा एकेक काढून घासाव्या लागतात. दोन दिवस जातात आणि एक जरी जास्त घासली तरी ती वाया. या पेटीत ती एक कळ जराशी फिरवली की सगळ्या पट्ट्या एकदम चढतात किंवा एकदम उतरतात. वाजवणाऱ्याची बोटं जिथल्या तिथं राहतात. आपल्या बँडात पहिल्यापासून चाल आहे की सूर क्लॅरोनेटचा घ्यायचा, बाकीच्यांनी त्याला मिळायचं. म्हणून पेटी मुंबईहून आली त्याच दिवशी मी ती नबीचाचांच्या क्लॅरोनेटला मिळवली, आणि कळीवर नि लाकडावर मिळून लाल रंगाची एक रेघ मारली. रेघ जुळली की पेटी तुझ्या वडलांच्या सुरात.

आज ती रेघ जुळत नाही. कळीवरचा तुकडा गव्हाच्या दाण्याएवढा वर सरकला आहे. मी पेटी लावली, ती तापेपर्यंत थांबलो, आणि शेजारी चाचांच्या पट्टीची हार्मोनियम ठेवून पाहिली. पेटीचा सा हार्मोनियमच्या पुढच्या काळ्या पट्टीशी जुळला. म्हणजे बरोबर अर्धा सूर वर. चुकून हात लागला तर असा नेमका लागत नाही. रविवारपासून पेटी कुलपात होती, आणि किल्ली माझ्या करगोट्याला आहे.

तेव्हा ते तू केलंस.

मी रविवारी मांडवाच्या मागं वायर धरून उभा होतो. वीज खालीवर होत होती, म्हणून माझं लक्ष दिव्याकडे होतं. तुझ्याकडे असतं तर बरं झालं असतं. नागिणीच्या गाण्याची फर्माईश आली. चाचांनी आधी एकट्यानं आलाप घेतला आणि टाळ्या पडल्या. मग तुझी पेटी शिरली. दोघांचा सूर जुळेना, पण मला वाटलं विजेमुळे आहे. चाचांनी सूर चढवायला क्लॅरोनेटचा वरचा सांधा आत दाबला. तो आधीच आत होता. पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. नवरदेवाकडचा तो पिवळ्या फेट्याचा माणूस ओरडला, "चाचा, बत्तीशी घरी राह्यली काय?" आणि अख्खा मांडव हसला. पुढच्या रांगेत महादेवराव बसले होते. ते हसले नाहीत. ते तुझ्याकडे पाहत होते. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

चाचांनी क्लॅरोनेट मांडीवर ठेवलं. "दात दुखून राह्यले. तुमी वाजवा," एवढंच म्हणाले. आणि तू वाजवलंस. शेवटपर्यंत वाजवलंस.

त्यानंतर त्यांनी क्लॅरोनेट तोंडाला लावलेलं नाही. बुधवारी ते दातवाल्याकडे गेले आणि एक दाढ काढून आले. त्या दिवसापासून जो भेटेल त्याला सांगतात, वय झालं, हिरड्या सुटल्या, फुंक राहत नाही. तुझ्या आईनं मला विचारलं, "शालिग्राम, तू सांग बेटा, खरंच इतकं खराब वाजलं?" मी तेव्हा हो म्हणालो. तोवर मी कळ पाहिली नव्हती.

तू ये. गाडीनं दोन तासांचा रस्ता आहे. तुझ्या तोंडानं त्यांना सांग की त्यांचा सूर बरोबर होता. मी सांगितलं तर ती चहाडी होईल, आणि चाचा माझ्या तोंडून का ऐकतील. ऑर्केस्ट्रा सोड असं मी म्हणत नाही. सांग आणि जा.

शालिग्राम वानखडे


अमरावती
रविवार, ६ मे १९६२. दुपारी अडीच.

नासिर,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळींत तू 'व्होल्टेज' तीन वेळा लिहिलं आहेस आणि तिन्ही वेळा वेगळं. त्याचं मला काही नाही. पण लिहिलं आहेस ते खोटं आहे. वीज कमी झाली की ही पेटी उतरते. चढत नाही. हे आपण दोघांनी फेब्रुवारीत पाहिलं आहे, बडनेऱ्याच्या त्या बारशाला, आणि तेव्हा तूच हसून म्हणाला होतास की पेटी पण आपल्यासारखीच आहे, खायला कमी पडलं की आवाज बसतो. तो विनोद मला आवडला होता. आज तो आठवला आणि कार्ड हातातून खाली ठेवलं.

विजेला दोष दिलास, निदान माणसाला तरी दिला नाहीस, असं मी स्वतःला समजावत होतो. मग शेवटची ओळ वाचली. 'पेटीतला माझा हिस्सा मोकळा कर.' वडलांची तब्येत कशी आहे, हे विचारायला कार्डावर जागा होती. मी मोजून पाहिली नाही, पण होती.

आता इथलं सांगतो.

मी किसनरावांना कळीचं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. म्हणालो, मालक, त्या दिवशी पेटी अर्धा सूर चढलेली होती, चाचांचं काही चुकलं नाही. मला वाटलं हा माणूस तोंडात मारल्यासारखा होईल. इतकी वर्षं चाचांच्या नावावर त्यानं बँड चालवला आहे. तो तंबाखू मळत होता.

"अर्धा सूर वर होती?"

"हो."

"म्हनून रेकॉर्डवानी वाजली."

त्यानं तंबाखूवर थाप मारली.

"अरे, लोक मले सांगून राह्यले, किसनराव, पेटी काय बोलली राजेहो, रेकॉर्ड लावल्यावानी. वरच ठेव ती. हात लावू नको आता."

"मग चाचांचं क्लॅरोनेट?"

"त्याले कळ नाई काय फिरवाले?"

"क्लॅरोनेट लाकडाचं आहे मालक. भोकं जिथं आहेत तिथं आहेत."

"मंग मी काय करू? साडेसातशे रुपये त्या डब्यात घातले, चाचाच्या तोंडात नाई घातले." त्यानं तंबाखू ओठाखाली धरली आणि बोटं माझ्या सोल्डरच्या फडक्याला पुसली. "नागपूरचा एक पोरगा हाय. त्याच्यापाशी बारीक क्लॅरोनेट हाय नवं, चढ्या पट्टीचं. सत्तावीस तारखेले अकोल्याचं लग्न हाय, अडत्याच्या घरचं. तिथं म्हाताऱ्यानं पेटीसंगं वाजवून दाखवावं. नाई जमलं, तर नागपूरवाला. मी का निर्दयी हाय काय? मोका देऊन राह्यलो ना."

ते फडकं मी शेगडीत टाकलं.

तुझ्या जागी पेटीवर नत्थुजींना आणलं आहे, भजनी मंडळातले. ते सज्जन आहेत, पण प्रत्येक गाण्याला अभंगाची चाल येते. मला वाजवता आली असती, पण मला कोणी विचारलं नाही आणि मी म्हणालो नाही.

सत्तावीस तारखेच्या आत तू आलास तर अजून काही होऊ शकतं. चाचांना एवढं कळलं की दोष दातांचा नाही, तर ते निदान क्लॅरोनेट हातात घेतील. आत्ता ते खोळीत घालून खुंटीला टांगून बसले आहेत. अकोल्याचं काय ते मग पाहू. बकरीद जवळ आहे. ईदेला मुलगा घरी आला तर कोणाला कारण सांगावं लागत नाही. तुझी सोयच होईल.

हिशेबाचं बोलायचं तर बँडाची वही माझ्याकडे आहे, पेटी घेताना तू घातलेला हिस्सा मी बुडवणार नाही. त्याची काळजी करू नकोस. तुला तेवढीच काळजी आहे असं दिसतं.

शालिग्राम


अमरावती
शुक्रवार, १८ मे १९६२. सकाळी नऊ.

नासिर,

बकरीद झाली. तू आला नाहीस. तुझ्या आईनं तुझ्या वाट्याचं मटण झाकून ठेवलं. या उन्हात पहिल्या दिवशी ते चाललं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पुन्हा उकळलं. काल संध्याकाळी मी गेलो तर दारातच वास आला. मी म्हणालो, चाची, हे टाकू द्या. त्या म्हणाल्या, अकोल्याची सातची गाडी जाऊ दे. गाडी गेली. मग मीच पातेलं उचलून नेऊन उकिरड्यावर ओतलं. परत येऊन दोनदा हात धुतले तरी जेवताना वास येत होता. मी तिथंच जेवलो. तुझ्या जागेवर बसलो होतो, कारण दुसऱ्या बाजूला भिंत तापलेली असते.

जेवणानंतर चाचा बाहेर खाटेवर बसले आणि मी त्यांना सांगून टाकलं.

तुझी वाट किती पाहायची? मी सांगायचं कसं याची तयारी केली होती. आधी पेटीचं, मग कळीचं, मग रेघेचं, आणि तुझं नाव शेवटी, जमलं तर नाहीच. मी म्हणालो, "चाचा, त्या दिवशी पेटी जागेवर नव्हती."

ते बिडी पेटवत होते. पेटवून झाल्यावर म्हणाले, "मंग? मले का कान नाई काय रे?"

त्यांनी एक झुरका घेतला.

"पैल्याच सुराले समजलं. पोट्ट्यानं कळ फिरवली म्हनून. अर्धा सूर. बरोबर अर्धा. त्याचा कान लय साफ हाय, लहानपनापासून."

नासिर, हे सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक होतं. मी खाटेवरून उठलो.

"तुम्हाला माहीत होतं, तर बोलला का नाहीत?"

"कोनाले बोलू? त्या पिवळ्या फेटेवाल्याले? का माझाच पोरगा भरल्या मांडवात मले पाडून राह्यला म्हनून पुकारू? मंग त्याले कोनत्या महादेवरावानं घेतलं असतं?"

"म्हणजे महादेवरावांचंही माहीत होतं?"

"समोर बसला होता ना तो. नासिर त्याच्याकडंच पाहून वाजवत होता. त्याच्या गानाऱ्या बाईची पट्टी तीच हाय."

"आणि दाढ?"

आता ते थोडे ओशाळले. "दात दुखतात म्हनून बसलो होतो ना सगळ्याईले. तुझी चाची मांगंच लागली, दवाखान्यात चला, चला. गेलो तर तो मानूस म्हने कोनता दुखते? आता काहीतरी दाखवावं लागन का नाई? मांगचा एक दाखवला."

चांगली दाढ. किडलेली नव्हती, हलत नव्हती. तुझं खोटं लपवायला त्यांनी ती दिली आणि वर तीन रुपये दिले. मी बाजूला जाऊन थुंकलो. तुझी किळस आली, हे तर आलंच. पण त्यांचीही आली, हे लिहून ठेवतो. आपल्याला तुडवणाऱ्याच्या पायाला काटा लागू नये म्हणून कोणी असं अंग पसरून देत असेल, तर ते मला चांगुलपणासारखं दिसत नाही. आमच्या वस्तीनं सहा वर्षांमागं दीक्षा घेताना जे सोडलं त्यात हेही होतं. माझे वडील डोमाजी गावची ताशा-डफडी खाली ठेवून आले आणि पुन्हा उचलली नाहीत, उपाशी राहिलो तरी. आणि इथं हे.

मी ते त्यांना जवळजवळ या शब्दांत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

मग विचारलं, "पेटी कुठं हाय आता?"

"गोदामात."

"तसं नाई. कळ कुठं हाय?"

"वरच आहे. किसनरावांनी हात लावू नको म्हटलं."

"बरं झालं. राहू दे तिथंच. उद्या सकाई मले तिथला सा दे."

मला वाटलं ते थट्टा करतात. ज्या माणसाला सगळ्यांनी मिळायचं, तो आता डब्याला मिळणार. मी म्हणालो, अकोल्याला मी गुपचूप कळ खाली आणतो, किसनरावांना काय कळतं, वाजवा तुमच्या पट्टीत. त्यांनी नाही म्हटलं.

"तू रोज रोज खाली आनशीन? अन् नासिर वापस आला मंग? त्याले तर तीच पट्टी पाहिजे. बाप-लेकानं का दोन पट्ट्यांत वाजवावं?"

वापस आला मंग. ऐकलंस?

आज पहाटे ते गोदामात आले. मी पेटी तापवून सा दाबून धरला. तुला क्लॅरोनेटचं माहीत आहे, पण तू कधी ते हातात धरलं नाहीस, म्हणून लिहितो. पेटीला अर्धा सूर वर जायला एक कळ लागते. त्यांना प्रत्येक गाणं नव्यानं बसवावं लागतं. जिथं बोट उचललं की झालं, तिथं आता बाजूची चावी दाबायची. जिथं चावीही नाही, तिथं भोक अर्धंच झाकायचं, आणि अर्धं म्हणजे किती ते दर वेळी कानानं ठरवायचं. चाळीस वर्षं बोटं एका रस्त्यानं गेलेली आहेत. ती तिकडेच धावतात. नागिणीच्या गाण्याची पहिली ओळ त्यांनी इतक्या वेळा चुकवली की शेजारच्या जिनिंगमधला चौकीदार येऊन विचारून गेला, कोणी शिकाऊ ठेवला काय.

ओठाला आतून चीर पडली आहे. फडक्यात थुंकले आणि पुन्हा लावलं. ते फडकं मी धुतलं. तू धुवायचं होतंस.

शालिग्राम


अकोला
सोमवार, २८ मे १९६२. सकाळचे आठ. धर्मशाळेच्या ओट्यावर.

नासिर,

पोस्ट उघडायची वाट पाहत बसलो आहे. तू राहतोस ती खोली इथून पायी दहा मिनिटांवर आहे. पत्ता खिशात आहे. तरी मी पोस्टानंच पाठवणार आहे. मी तिकडे येणार नाही.

काल तू आला होतास, म्हणून सगळं सांगायची गरज नाही. पण तू उशिरा आलास आणि लवकर गेलास. तेव्हा मधलं आणि पुढचं सांगतो.

मांडव कापसाच्या गंज्यांसारखा उंच घातला होता आणि आत भट्टी होती. किसनराव सकाळपासून माझ्या मागं मागं होते. "हात नको लावू रे कळीले. मी पाहून राह्यलो." नागपूरचा मुलगा खरोखरच आणून ठेवला होता. नवा सूट, नवं क्लॅरोनेट, डब्यात मखमल. तो बिचारा माझ्याशी चांगला बोलला. चाचांना त्यानं सलाम केला. चाचांनी त्याला विचारलं, "जेवला काय?" बँडवाल्यांची पंगत उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाशेजारी होती, माश्या उठत होत्या. चाचा जेवले नाहीत. म्हणाले, ओठाला तिखट लागते.

मी त्यांच्या कानाशी गेलो. म्हणालो, "चाचा, शेवटचं विचारतो. किसनराव पाणी प्यायला गेले आहेत. दोन बोटांचं काम आहे. आणू खाली?"

"शालिग्राम, दहा दिवस झाले मी तिकडं राहून राह्यलो. आता घर बदलवू नको."

पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्याला एक जागा कच्ची लागली. मी ऐकली, नागपूरच्या मुलानं ऐकली, बाकी कोणी नाही. तिसऱ्याला नागिणीची फर्माईश आली. नत्थुजींनी पेटीला हात जोडले. चाचा त्यांना म्हणाले, "महाराज, तुमी विठ्ठल समजून वाजवा, मी पाहून घेतो." आणि आलाप घेतला.

तू त्याच वेळी आलास. जनरेटरच्या बाजूला उभा राहिलास, तोंडात पान, एका पायावर भार देऊन. मी वायर धरून बसलो होतो आणि या वेळी माझं लक्ष दिव्याकडे नव्हतं.

तेव्हा तू ऐकलं आहेस. पेटी शिरली आणि कुठं काही झालं नाही. दोन सुरांमधला जोड कळला नाही. तुझा कान साफ आहे, तेव्हा तुला कळलंच असणार की ते जुनंच क्लॅरोनेट आहे आणि पेटी तू ठेवलीस तिथंच आहे, आणि त्यासाठी त्या माणसाला काय काय उलटं करावं लागलं असेल. मी तुझा चेहरा पाहत होतो. त्यावर काही नव्हतं. तू पान या गालातून त्या गालात घेतलंस. गाणं संपायच्या आत तुझी पाठ दिसली.

टाळ्या पडल्या. यजमान अडते उठून आले आणि त्यांनी पेटीवर पाच रुपयांची नोट ठेवली. पेटीवर. "किसनराव, चीज आणली राजेहो तुमी." किसनराव म्हणाले, "मुंबईची हाय." चाचा क्लॅरोनेटमधली लाळ झटकत होते. त्यात तांबडं होतं. ती नोट नत्थुजींनी चाचांकडे सरकवली, तर किसनरावांनी मधेच उचलून खिशात घातली.

नागपूरच्या मुलाला रात्रीच्या गाडीनं परत पाठवलं. जाताना किसनराव मला म्हणाले, "म्हातारा कामाचा हाय अजून. दोन-चार सीझन जाते." बैलाच्या दातात पाहून बोलतात तसं. म्हणजे चाचांची जागा राहिली. ज्यासाठी मी तुला तीन पत्रं लिहिली, ते तुझ्याशिवाय झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मी मांडवाच्या मागं जाऊन तोंड धुतलं आणि बराच वेळ धूतच राहिलो.

सामान बांधताना चाचांनी मला जवळ बोलावलं.

"पान खात उभा होता."

म्हणजे आलाप घेताना, अर्धी भोकं झाकताना, त्यांनी तुला पाहिलं होतं.

"गालफाडं आत गेली त्याची. खाले देतात का नाई ते ऑर्केस्ट्रावाले?"

मी म्हणालो, चला, खोली जवळ आहे, भेटून येऊ. असं म्हणायची माझी इच्छा नव्हती, पण म्हणालो.

"नाई. त्याले भेटाचं असतं तर पान थुकून आला असता." त्यांनी आपल्या बिदागीतले बारा रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. "हे त्याले पाठव. अन् लिहून दे, कळ आता तिथंच हाय म्हनून. शिकून घेतली ती पट्टी बुढ्यानं, म्हन."

मी सांगितलं की मी हे लिहिणार नाही. त्यांनी पैसे परत घेतले नाहीत. म्हणून लिहिलं.

हे माझं शेवटचं पत्र. यानंतर मी लिहिणार नाही आणि तुझं आलं तर उत्तर देणार नाही. पेटीवर मी जुनी रेघ खरवडून कळ आहे तिथं नवी मारली आहे. किसनरावांसाठी नाही आणि तुझ्यासाठी नाही. खाली हिशेब आहे. तपासून घे.

विजेच्या पेटीत नासिर नबी यांचा हिस्सा: रु. १५०.००
वजा, मार्चमध्ये घेतलेली उचल: रु. ४०.००
देणे राहिले: रु. ११०.००
पैकी आज मनिऑर्डरने: रु. ६०.००
बाकी किसनराव दिवाळीनंतर देतील, तशी चिठ्ठी त्यांच्याकडून लिहून घेतली आहे, ती सोबत: रु. ५०.००
नबीचाचांकडून, वेगळ्या मनिऑर्डरने, पाठवणाऱ्याच्या जागी त्यांची सही: रु. १२.००
दोन्ही मनिऑर्डरींचं कमिशन, मी भरलं: रु. १.२०

माझ्याकडून तुला काही देणे नाही. तुझ्याकडून मला एक रुपया वीस नवे पैसे. ते पाठवू नकोस.

शालिग्राम डोमाजी वानखडे